मातीला जाताना
(जिल्हा बैठकीतील भाषण)



बैठक कापसाच्या भावाची आणि मी बोलणार आहे मातीला जाण्याविषयी. काहींना हे अशुभ वाटेल. पण गेल्या वर्षभरात एकदाही मातीला गेला नाही, असा माणूस या मंडपात आहे काय?

लग्नाला आमंत्रण लागते, मातीला लागत नाही. निरोप कानावर पडला की माणूस हातातले औत सोडून निघतो. बांधावरून कोर्टात भांडणारा भाऊबंदही तिरडी बांधायला येतो, विसाव्याला खांदा बदलतो. त्या घरात चूल पेटत नाही म्हणून शेजारी कडू घास आणतात. हा रिवाज चांगला आहे. तो टिकला पाहिजे.

पण त्याच अंगणात दुसरा रिवाजही चालतो. नवऱ्याच्या मढ्यासमोर बाईच्या बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात, मंगळसूत्र काढून घेतात. हे करायला बायकाच पुढे असतात आणि आम्ही पुरुष मान खाली घालून तिरडीच्या दोऱ्या आवळत बसतो.

माझे वडील गेले तेव्हा मी असाच बसलो होतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा पदवीधर मी. बोंडअळीवर तासभर बोलतो. पण त्या दिवशी "थांबा" एवढा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. ज्या हातांनी कपाशी वेचली, ज्वारी खुडली आणि मला शिकवले, त्या हातांतल्या बांगड्या माझ्यासमोर फुटल्या. त्यानंतर आई कुणाच्या हळदीकुंकवाला गेली नाही.

माझ्या विद्यापीठाला महात्मा फुल्यांचे नाव आहे. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात जोतीराव वारले. अंत्ययात्रेपुढे टिटवे कोणी धरायचे यावर अडले. टिटवे धरील तो वारस, अशी समजूत. दत्तक मुलगा यशवंत याला भाऊबंदांनी आडकाठी केली. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती घेतले, अंत्ययात्रेपुढे चालल्या आणि अग्नी दिला.

ती थोर माणसे, आपल्याला ते कसे जमावे, असे कोणी म्हणेल. मग कोल्हापूर जिल्ह्यातले हेरवाड पाहा. शिरोळ तालुक्यातले साधे गाव. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला : नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचे नाही, मंगळसूत्र काढायचे नाही. त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे करायला सांगितले. पण परिपत्रक मुंबईहून येते आणि बांगडी फुटते आपल्या अंगणात. तिथे कोणीतरी हात धरावाच लागतो.

आता वारसाचे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने नवऱ्याच्या हिश्श्यात विधवेला मुलांच्या बरोबरीचा वाटा दिला. तरी सातबाऱ्यावर तिचे नाव चढायला वर्षे जातात. सोसायटीचा आणि सावकाराचा तगादा मात्र लगेच तिच्या दारात येतो. दहाव्याला पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणे होतात. वारस नोंदीचा अर्ज दिला काय, हे एकही पुढारी विचारत नाही.

म्हणून माझे मागणे तीन गोष्टींचे आहे.

एक, आपल्या गावच्या ग्रामसभेत हेरवाडसारखा ठराव मांडा, आणि तो बायांनी मांडावा.

दोन, मातीला गेलात की खांदा द्याच, पण त्याआधी अंगणात उभे राहून बांगड्या फोडू देऊ नका.

तीन, दहाव्याच्या आत मृत्यूची नोंद करून घ्या आणि तीन महिन्यांच्या आत वारस नोंदीचा अर्ज चावडीवर द्या. अर्जात बायकोचे नाव आहे, मुलींची नावे आहेत, हे वाचून बघा.

आईच्या वेळी मी गप्प बसलो. आता ज्या मातीला जाईन तिथे बोलणार आहे. तेव्हा माझ्या बाजूला गावातली चार माणसे उभी राहावीत, एवढ्यासाठी आज हा विषय काढला.