टाच बरी होताना दम टिकवायचा कसा?

टाचेमागची कंडरा म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारा जाड दोर. धावताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. रक्तपुरवठा कमी असल्याने ती सावकाश भरून येते, कधी काही महिनेही लागतात. दम मात्र व्यायाम सुटल्यावर दोन-तीन आठवड्यांतच उतरू लागतो.

सर्वांत गुणकारी व्यायाम पाण्यातला. कमरेइतक्या पाण्यात पायांवर सुमारे निम्मेच वजन येते, छातीइतक्या पाण्यात साधारण एक तृतीयांश. खोल पाण्यात तरंगणारा पट्टा कमरेला बांधून धावण्याची हालचाल केली, तर पाय तळाला टेकतच नाहीत आणि धाप मात्र चांगली लागते. पोहताना भिंतीला पाय रेटून वळणे टाळावे. टाके किंवा उघडी जखम असेल तर पाणी वर्ज्य.

तरणतलाव जवळ नसल्यास स्थिर सायकल चालते. पेडलवर चवड्याऐवजी पावलाचा मधला भाग ठेवावा. पोटरीची ओढ कमी होते. पाय टेकवायलाच मनाई असेल, तर हातांनी फिरवायचे पेडलयंत्र आहे.

रोजच्या ये-जा करण्यातही जपावे. मेट्रो स्थानकांत जिने येतात आणि जिना चढताना सारा भार एकाच चवड्यावर पडतो. तासभराच्या सायकलीपेक्षा हे जिने दुखऱ्या कंडरेला जड जातात, म्हणून लिफ्टच वापरावी.

सकाळी टाच कालपेक्षा जास्त आखडली असेल, तर व्यायाम कमी करावा. टाचेमागे फट् असा आवाज होऊन चवड्यावर उभे राहता येईनासे झाले, तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.