नोंदीनंतर काय?

(जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षकांच्या शैक्षणिक परिषदेत केलेले अध्यक्षीय भाषण)



या पदाला आपण कसे लायक नाही, हे अध्यक्षाने आधी चार वाक्यांत सांगायचं, अशी आपल्याकडे रीत आहे. ती वाक्यं मी बोललो असं समजा आणि तेवढा वेळ मला मुलांसाठी द्या. माझी नोकरी आधी वर्गात गेली, मग केंद्रप्रमुख म्हणून. म्हणजे वर्णनात्मक नोंदी मी लिहिल्याही आणि दुसऱ्यांच्या तपासल्याही. त्या जोरावर आज एकच प्रश्न विचारणार आहे. मुलाच्या सर्वांगीण विकासाची नोंद झाली की पुढे काय होतं?

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याचं 29 वं कलम आपल्यापैकी अनेकांना पाठ असेल. बालकाचा सर्वांगीण विकास, कृतीतून शिकणं, भीती आणि दडपणापासून मुक्ती, आणि सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, हे सगळं त्या एका कलमात आहे. त्याला धरून आपल्या राज्याने 20 ऑगस्ट 2010 चा शासन निर्णय काढला. तो मी आजही अधूनमधून काढून वाचतो. शासकीय कागदांत इतका विचार करून लिहिलेले कागद फार थोडे असतात. पहिली-दुसरीला आकारिक मूल्यमापन 70 टक्के आणि संकलित 30, तिसरी-चौथीला 60 आणि 40, पाचवी-सहावीला निम्मं-निम्मं, सातवी-आठवीला 40 आणि 60. मूल जितकं लहान, तितका पेपरचा भार कमी आणि बाईंच्या डोळ्यांवरचा विश्वास जास्त. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय अशी साधनं दिली. त्याशिवाय मुलाने स्वतःचं आणि मित्राने मित्राचं मूल्यमापन करण्याचीही सोय ठेवली. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण यांना तर लेखी परीक्षाच ठेवली नाही.

मग बिनसलं कुठे? कोणी म्हणेल शिक्षकांनी कंटाळा केला. मला ते मान्य नाही. साधा हिशेब मांडू. दोनशिक्षकी शाळा, एका बाईंकडे तिसरी आणि चौथी, दोन्ही मिळून 30 मुलं. भाषा, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास, कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण हे 7 विषय. प्रत्येक मुलाची प्रत्येक विषयात एकच नोंद धरली तरी सत्राला 210 होतात आणि वर्षाला 420. विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक हे रकाने वेगळेच. त्यात पोषण आहाराची नोंद, यू-डायस, बीएलओचं काम, आणि दुपारी दोनला व्हॉट्सअ‍ॅपवर येणारं ‘आजच माहिती सादर करा’. अशा माणसाला बाजारात तयार वर्णनात्मक नोंदींची पुस्तिका मिळाली, पुढे तिची पीडीएफ मोबाइलवर आली, तर तो काय करणार? ‘कवितेचे तालासुरात गायन करतो.’ ‘परिपाठात उत्साहाने सहभागी होतो.’ ‘हस्ताक्षरात सुधारणा आवश्यक.’ गडचिरोलीचं पोर असो की गगनबावड्याचं, नोंद तीच.

तरी नकलेचा राग मला फार येत नाही. खरी अडचण तिच्या मुळाशी आहे. ती नोंद लिहिली जाते कोणासाठी? तपासायला येणाऱ्यासाठी. मीही तपासणारा होतो, म्हणून सांगतो. तपासणारा पाहतो ते रकाने भरलेत का, तारखा आहेत का, खाली सही आहे का, एवढंच. त्या नोंदीमुळे त्या मुलाच्या वाट्याला काही वेगळं आलं का, हे विचारायला छापील प्रपत्रात जागाच नसते. ज्याला जागा नाही ते विचारलं जात नाही, आणि जे विचारलं जात नाही ते हळूहळू करायचंही राहून जातं.

या उलट घडताना पाहायचं असेल तर ‘पहिले पाऊल’ची आठवण काढा. शाळापूर्व तयारीचा मेळावा. एप्रिलमध्ये, दाखल होणाऱ्या मुलांसाठी, शाळेच्याच व्हरांड्यात. एका टेबलावर उड्या मारणं आणि चेंडू झेलणं, दुसऱ्यावर मणी ओवणं किंवा वर्गीकरण, पुढे चित्र पाहून बोलणं, पुढे कमी-जास्त ओळखणं. मुलाबरोबर त्याची आई टेबलाटेबलावर फिरते. हातात विकासपत्र असतं आणि त्यावर मुलाला काय स्वतःहून जमतं आणि कशाला मदत लागते याची खूण होते. शेवटच्या टेबलावर तिला सांगतात की सुट्टीत घरी याच्याकडून काय काय करून घ्यायचं. माता पालकांचे गट होतात. जूनमध्ये दुसरा मेळावा होतो आणि मधल्या दिवसांत काय बदललं ते तीच आई पाहते.

काही ठिकाणी हे मेळावे सेल्फी पॉइंटपुरते होतात, हे मला ठाऊक आहे. तरी रचना पाहा. मोजमाप आईच्या डोळ्यांदेखत होतं, तिला समजेल अशा कामांवर होतं आणि मोजून झाल्या झाल्या पुढचं काम हातात पडतं. चौथी शिकलेल्या किंवा शाळेची पायरीही न चढलेल्या बाईला ‘याला मणी ओवता येत नाहीत, शेंगा सोलायला बसवा’ हे लगेच कळतं. याच मुलाचं पुढच्या वर्षी प्रगतिपुस्तक येतं आणि त्यात ‘ब-2’ लिहिलेलं असतं. त्या ब-2 चं तिने घरी काय करायचं?

आता ज्या नोंदी मला सगळ्यात जास्त वेळा वाचाव्या लागल्या त्यांच्याकडे येतो. ‘लक्ष देत नाही’, ‘अबोल आहे’ आणि ‘अनियमित’. या तिन्ही नोंदी मुलाबद्दल असल्यासारख्या दिसतात. बहुतेक वेळा त्या आपल्या अर्धवट राहिलेल्या कामाबद्दल असतात.

‘लक्ष देत नाही.’ फळ्यावरचं उतरवून घेत नाही, शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो, हाक मारली तर दुसऱ्यांदा बघतो. त्याचे डोळे तपासलेत? कानातून पाणी येतं का विचारलंत? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येतं. ते तपासतं, लिहितं आणि ग्रामीण रुग्णालयाकडे पाठवायला सांगतं. पाठवायचं म्हणजे बापाची त्या दिवसाची मजुरी बुडणार, म्हणून ते पाठवणं राहतं. आणि त्या पथकाचं कार्ड एका कपाटात, आपली नोंदवही दुसऱ्या कपाटात. एकाच मुलाबद्दलचे हे दोन कागद वर्षभर एकमेकांना भेटत नाहीत. चष्मा लागला की ‘लक्ष देत नाही’ हे वाक्य आपोआप मिटतं, असं मी अनेकदा पाहिलं आहे. त्यासाठी कुठलं नवं प्रशिक्षण लागत नाही, कोणीतरी त्या बापाबरोबर एसटीत बसावं लागतं. शाळा व्यवस्थापन समितीला आपण बहुधा सह्यांपुरतं बोलावतो, तिला हे काम सांगून पाहा.

‘अबोल आहे.’ धारणी-चिखलदऱ्यात कोरकू बोलणारं, धडगावात पावरी बोलणारं मूल पहिलीत गप्प बसतं, कारण वर्गात जे चाललंय ती त्याची भाषाच नाही. तेच मूल सुट्टीत, नाल्याकाठी, खेकडे पकडताना ऐका, अखंड बडबडत असतं. म्हणून भाषेचं निरीक्षण केवळ वर्गात करू नये, असं माझं ठाम मत आहे. ते मैदानावर करावं, खिचडीच्या पंगतीत करावं. गप्प मुलाबद्दल लिहायचं असेल तर ते कुठे, कोणाशी आणि कोणत्या भाषेत बोलतं हे आधी लिहावं.

‘अनियमित.’ बीडकडच्या शिक्षकांना हे समजावून सांगायची गरज नाही. पहिल्या सत्राचं मूल्यमापन होतं आणि दिवाळीच्या पुढेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मूल कोल्हापूर-सांगलीच्या फडावर किंवा थेट कर्नाटकात. त्याच्यासाठी आपल्याकडे शिक्षण हमी पत्रक आहे. मूल कुठवर आलंय हे लिहून ते त्याच्याबरोबर द्यायचं, म्हणजे जिथे जाईल तिथल्या शाळेने तिथून पुढे शिकवावं. आपल्या खात्याने काढलेल्या सगळ्या प्रपत्रांत मला हे सगळ्यात जास्त आवडतं, कारण ते एका शिक्षकाने दुसऱ्या शिक्षकाला लिहिलेलं असतं. ते कोपीपर्यंत पोचून पेटीच्या तळाशी राहतं ही गोष्ट वेगळी, आणि ते साखर कारखान्याच्या गावातल्या शाळेच्या हातात कसं पडेल यावर या परिषदेने जरूर डोकं लावावं.

निरीक्षण म्हणजे काय, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोणत्याही प्रपत्राशिवाय दाखवलं होतं. 1945 साली बोर्डीला सुरू झालेलं त्यांचं बालशिक्षणाचं काम 1957 मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं शाळेत येत नाहीत, असं दिसलं. का येत नाहीत? गुरं राखतात म्हणून. मग गुरं चरतात तिथेच कुरणशाळा भरली. मुली धाकट्या भावंडांना सांभाळतात म्हणून अडकतात, हे दिसलं तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली. कारण कळलं की लगेच शाळेची रचना बदलली. ‘पालक उदासीन’ असा शेरा मारून तिथे कोणी वही मिटली नाही.

एका बाबतीत मात्र मी जरा वेगळं बोलणार आहे, आणि काहींना ते पटणार नाही. सर्वांगीण विकास मोजायचा म्हणून आपण व्यक्तिमत्त्वाचे गुणही नोंदवू लागलो आहोत. वक्तशीरपणा, सहकार्य, नेतृत्व. सात वर्षांच्या मुलाच्या स्वभावावर शेरा मारायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? रोज उशिरा येणारी मुलगी आधी धाकट्याला अंगणवाडीत सोडून येते. तिला वक्तशीरपणात खालची खूण आणि सहकार्यात रकाना कोरा, कारण ते सहकार्य आपल्या फाटकाबाहेर झालं. मुलाने काय केलं ते लिहा, जरूर लिहा. पडलेल्या मित्राला उठवलं, भांडण सोडवलं, डब्यातलं दिलं, हे तारखेसह लिहा. पण मूल ‘कसं आहे’ याचा निवाडा लिहू नका. तो कागद संचयी नोंदपत्रकात बसून मुलाच्या पुढे पुढे चालतो आणि नवा शिक्षक मुलाला भेटण्याआधी त्या शेऱ्याला भेटतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने समग्र प्रगतिपत्रक सुचवलं. त्यात शिक्षकाबरोबर मुलगा स्वतः, त्याचा सोबती आणि पालकही बोलतील. ‘परख’ या राष्ट्रीय केंद्राने त्याचे नमुनेही तयार केले. मला त्यातला मुलाने स्वतःबद्दल सांगायचा भाग फार आवडतो. भीती एवढीच की 2010 चं जे झालं तेच याचं होईल, आणि मुलाचं मनोगतसुद्धा पीडीएफमधून उतरवलं जाईल. पत्रक कितीही देखणं असलं तरी ते भरणाऱ्याला वेळ आणि पुढचं काम करायला मोकळीक द्यावी लागेल.

पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेबद्दल थोडक्यात. 2019 च्या केंद्रीय दुरुस्तीने राज्यांना मुभा दिली आणि आपल्याकडे 2023-24 पासून ही परीक्षा आली. नापास करावं की नाही यावर आपण तावातावाने बोलतो. त्याच तरतुदीत, अनुत्तीर्ण मुलाला जादा मार्गदर्शन देऊन दोन महिन्यांत पुन्हा परीक्षा घ्यायची, असं आहे. ते दोन महिने म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी. त्या सुट्टीत त्या मुलाला कोण शिकवतं, कुठे शिकवतं आणि काय शिकवतं? मला या वादात रस असलाच तर तो एवढ्यापुरता आहे.

म्हणून परिषदेपुढे एक ठराव मांडतो. नोंदवहीतल्या प्रत्येक ‘सुधारणा आवश्यक’समोर ‘मी काय केले’ आणि ‘काय बदलले’ असे दोन रकाने असावेत, आणि त्यांच्यासाठी जागा व्हावी म्हणून बाकीच्या नोंदी निम्म्यावर आणाव्यात. प्रत्येक मुलाची प्रत्येक विषयात नोंद हा आग्रह सोडावा. ज्या मुलाबद्दल त्या महिन्यात सांगण्यासारखं काही आहे त्याचीच नोंद व्हावी, आणि वर्षभरात एकही मूल सुटू नये. आरोग्य तपासणीचं कार्ड नोंदवहीतच लावावं. तपासणाऱ्याने कोणतीही तीन मुलं निवडावीत, त्यांच्या नोंदी वाचाव्यात आणि मग त्या मुलांजवळ जाऊन बसावं. उपक्रमाचा फोटो गटात टाकणं हा पुरावा धरू नये. मसुदा सचिवांकडे दिला आहे, जेवणानंतरच्या सत्रात तो चर्चेला येईल. निवडक मुलांच्याच नोंदीच्या कलमाबद्दल माझ्या स्वतःच्याच मनात शंका आहे, सांगण्यासारखं काही नाही असं म्हणून शांत मुलंच आधी सुटतात. बहुवर्ग शाळा चालवणाऱ्यांनी त्यावर आधी बोलावं.