माफी असावी, पण कारण लिहून



मंडळाने यंदा आम्हाला ‘राष्ट्राध्यक्षांचा माफीचा अधिकार’ हा विषय दिला. आम्ही वकील नव्हे. डिप्लोमा करून राज्य सरकारच्या बांधकाम खात्यात लागलेलो. त्यातून सरकारी नोकर, म्हणून कोणत्याही पक्षाची बाजू घेणार नाही. पण हैदराबादेतल्या आपल्या कितीतरी घरांतली मुलं अमेरिकेत आहेत. फोनवर हा विषय निघतोच.

सुरुवात बाप्पापासून करू. चंद्र हसला, बाप्पाने शाप दिला. चंद्र शरण आला तेव्हा उःशापही दिला; पण शाप पुरता पुसला नाही. भाद्रपद चतुर्थीचा एक दिवस राखून ठेवला. क्षमा झाली, आणि चूक काय होती तेही लोकांच्या लक्षात राहिलं.

अमेरिकेत तसं नाही. तिथल्या घटनेनुसार अध्यक्ष केंद्रीय कायद्याखालचा कोणताही गुन्हा माफ करू शकतो. अपवाद फक्त महाभियोगाचा. कुणाचा सल्ला घ्यायला नको, कारण द्यायला नको. ८ सप्टेंबर १९७४ रोजी फोर्ड यांनी निक्सन यांना माफी दिली, तेव्हा खटलाही उभा राहिला नव्हता. त्याच वर्षी सिनेटर मोंडेल यांनी सुचवलं की, संसदेला १८० दिवसांत दोनतृतीयांश मतांनी माफी रद्द करता यावी. ते झालं नाही. १ डिसेंबर २०२४ रोजी बायडेन यांनी स्वतःच्या मुलाला माफी दिली. देणार नाही असं आधी सांगितलं होतं तरी. २० जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प यांनी संसद भवनावरच्या हल्ल्याच्या प्रकरणातल्या सुमारे पंधराशे जणांना माफी किंवा सवलत दिली. पक्ष दोन, अधिकार तोच.

आपल्याकडे राष्ट्रपतींना कलम ७२ आणि राज्यपालांना कलम १६१ हा अधिकार देतं. पण तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वापरायचा. तरीही घोटाळा होतोच. तेव्हाच्या आपल्या आंध्र प्रदेशात २००५ साली राज्यपालांच्या आदेशाने एका कैद्याची दहा वर्षांच्या सजेतली उरलेली सजा माफ झाली. तो अमुक पक्षाचा चांगला कार्यकर्ता आहे, असाही उल्लेख कागदपत्रांत होता! मारल्या गेलेल्यांची मुलं सर्वोच्च न्यायालयात गेली. २००६ साली न्यायालयाने ती माफी रद्द करून फेरविचार करायला सांगितलं. जात, धर्म, पक्षनिष्ठा ही माफीची कारणं होऊ शकत नाहीत, असं बजावलं. कारण कळवण्याचं बंधन नसलं तरी योग्य कारण असावंच लागतं, हेही सांगितलं.

हे आम्हाला लगेच पटलं. आमच्या टेबलावर ठेकेदाराच्या मुदतवाढीची फाईल येते. दंड माफ करायचा तर टिप्पणीत लिहावं लागतं: पाऊस किती दिवस पडला, जागा केव्हा ताब्यात मिळाली. नुसतं ‘माफ करावे’ लिहिलं तर ऑडिटवाले विचारणारच. चार पैशांच्या दंडाला कारण लागतं, मग माणसाच्या खुनाला नको?

मग हा अधिकार काढूनच टाकावा का? आम्हाला तसं वाटत नाही. न्यायालयही चुकतं. कधी कायदा कठोर ठरतो, कधी माणूस बदलतो. दार एक तरी उघडं हवं. ते वेळेवरही उघडायला हवं. मुख्यतः दयेचे अर्ज वर्षानुवर्षं पडून राहिले म्हणून जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पंधरा जणांची फाशी जन्मठेपेत बदलावी लागली. फाईल अडकली की काय होतं, ते आम्हा नोकरांना वेगळं सांगायला नको. पण तिथे त्या फाईलखाली माणूस रोज मरत होता.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. स्वतःला, नातलगाला आणि आपल्या माणसाला माफी नसावी. ज्याचं माणूस गेलं, त्याचं आधी ऐकावं. अर्ज ठरल्या मुदतीत निकाली निघावा. आणि माफी दिली तर कारण लिहून सगळ्यांसमोर ठेवावं. यातलं एकच मिळणार असेल, तर आम्ही शेवटचं मागू. कारण लिहायचं म्हटलं की चुकीच्या माफीला हात आपोआप थबकतो. ज्याच्या घरातलं माणूस गेलं, त्यालाही निदान कळतं की हे का झालं.

बाप्पाने चंद्राला माफ केलं, ते का केलं हे आपल्या घरातलं लहान मूलही सांगतं. राज्यकर्त्यांच्या माफीबद्दलही तसं सांगता यावं, एवढी बुद्धी तो बुद्धिदाता सर्वांना देवो.

गणपती बाप्पा मोरया!