घरातील विजेचा जमाखर्च

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावर आजवर विद्वानांची व्याख्याने झाली. मी विद्वान नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि त्यानंतर सारे आयुष्य दुकानाच्या गादीवर कापड मोजण्यात गेले. ‘मीटर’ या शब्दाशी माझा परिचय तेवढाच होता. घराच्या जिन्याखाली आणखी एक मीटर अहोरात्र मोजमाप करीत असतो, याकडे माझे लक्ष फार उशिरा गेले. ते कसे गेले, हे सांगताना मला माझी एक चूकही सांगावी लागेल.

२०२४ च्या मे महिन्यातील ही गोष्ट. आपल्या सोलापूरचा मे मी आपणांस वर्णन करून सांगण्याची गरज नाही. घरी सहा महिन्यांचा नातू होता, म्हणून मुलाच्या खोलीत एक टनाचा एसी बसविला होता. महिन्याचे बिल आले ५१४ युनिटांचे. जेवणाच्या वेळी मी सर्वांदेखत बोलून गेलो की, हा एसी आपल्याला परवडणारा नाही. नाव कोणाचे घेतले नाही. परंतु बोल कोणाला लागला हे घरात सर्वांना समजले. सूनबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. त्या रात्रीपासून एसी बंद झाला. आठ-दहा दिवसांत बाळाची पाठ घामोळ्यांनी भरली, तेव्हा कोठे एसी बंद असल्याचे मला कळले.

त्याच सुमारास माझा पुतण्या सुटीवर आला होता. तो विद्युत अभियंता आहे. माझी तक्रार ऐकून त्याने एकच प्रश्न विचारला, “काका, दुकानात तूट आली तर आधी नोकरावर आळ घेता, की आधी माल मोजता?” मी निरुत्तर झालो. दिवाळीला गाठ न् गाठ मोजणारा मी, घरातील विजेबाबत केवळ तर्काने निवाडा दिला होता.

दुसऱ्या दिवशी रविवारी त्याने मोजणी मांडली. आमच्या मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्या शेजारी ३२०० हा आकडा छापलेला आहे. दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झाले, असा त्याचा अर्थ. आपल्या मीटरवरील आकडा निराळा असू शकेल. तो वाचून घ्यावा. युनिट म्हणजे हजार वॅटचे उपकरण एक तास चालणे. एवढे कळले की पुढचे सारे गणित त्रैराशिकाचे आहे.

प्रथम घरातील सर्व बटणे बंद केली, फ्रीजसुद्धा. दिवा थांबावयास हवा होता. तो मिनिटाला अकरा-बारा वेळा लुकलुकतच राहिला! अर्धा तास शोध घेतल्यावर कोठीच्या खोलीतील जुना फ्रीज सापडला. नवा घेतला तेव्हा जुना विकू नये, पाहुण्यांना थंड पाणी होईल, असा आग्रह माझाच होता. त्यात त्या दिवशी पाण्याच्या दोन बाटल्या आणि आमरसाचे एक पातेले होते. पुतण्याने दाराच्या फटीत दहाची नोट ठेवून दार लावले आणि नोट ओढली. ती सहज निघून आली. दाराचे रबर सैल झाले होते, थंडावा बाहेर जात होता आणि कॉम्प्रेसर बहुतेक सर्व वेळ चालत होता.

हा फ्रीज बंद केल्यावरही मिनिटाला दोन लुकलुकी उरल्या. त्या होत्या टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, इन्व्हर्टर आणि इंटरनेटच्या डबीच्या. गणित मांडले तर ३७ वॅट. ऐकावयास क्षुल्लक, पण रात्रंदिवस चालू म्हणून महिन्याला सुमारे २७ युनिट.

त्यानंतर पुतण्याने प्लगमध्ये लावावयाचा एक छोटा मीटर आणला. चोवीस तासांत त्या जुन्या फ्रीजने साडेतीन युनिट घेतले. मग तोच मीटर एसीला लावला. २६ अंशांवर, पंख्याच्या जोडीने, रात्रीच्या सात तासांत एसीनेही साडेतीनच युनिट घेतले! बाळाची रात्रीची झोप आणि माझ्या पाण्याच्या दोन बाटल्या यांचा खर्च सारखा होता.

त्या संध्याकाळी मी सूनबाईंना वहीतील दोन्ही आकडे दाखविले आणि माझे बोलणे चुकीचे होते, असे सर्वांदेखत सांगितले. त्या म्हणाल्या, “बाबा, आकडे राहू द्या, एसी लावू का?”

तथापि सर्वांत मोठा धक्का पुढेच होता. घरात पाच पंखे दिवसाचे सरासरी चौदा तास फिरत होते. फक्त ते चालू ठेवून मोजले, तेव्हा दिवा मिनिटाला वीस वेळा लुकलुकला, म्हणजे प्रत्येकी ७५ वॅट. महिन्याचे झाले १५७ युनिट. ज्या पंख्यांविषयी घरात कधी कोणी ब्र काढला नव्हता, ते एसीपेक्षाही भारी ठरले. आपल्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकतात, म्हणून अनेकांना वाटते की आपले घर काटकसरीचे. दिव्यांचा हिशेब खरोखरच लहान असतो, आणि आपण मुलांवर रागावतो ते मात्र दिव्यांवरूनच.

नव्या बीएलडीसी पद्धतीचे पंखे तेवढाच वारा सुमारे ३० वॅटमध्ये देतात. आम्ही पाच पंखे बदलले. माझ्या हिशेबाने साधारण दोन वर्षांत त्यांची किंमत भरून निघते. पाहुण्यांच्या खोलीतील पंखा मात्र बदलला नाही. जो दिवसाकाठी तासभरही फिरत नाही, त्यावर तीन हजार रुपये घालणे म्हणजे न खपणारा माल भरणे होय.

गीझरविषयी थोडक्यात. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे ०.६ युनिट लागते आणि दोन किलोवॅटच्या गीझरला वीसएक मिनिटे पुरतात. पहाटे लावून नऊपर्यंत चालू ठेवण्याचे कारण नाही. ही सवयही माझीच होती.

जुन्या फ्रीजचे काय करावे, यावर घरात चर्चा झाली. कामाला येणाऱ्या बाईंना द्यावा, असे सुचविले गेले. पुतण्या म्हणाला, “म्हणजे दर महिन्याला शंभर युनिटांचे बिल त्यांच्या माथी.” हे मला पटले. तो फ्रीज भंगारात दिला.

व्यापारी बांधवांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आपल्या धंद्यात जास्त माल घेणाऱ्याला सूट मिळते. विजेत उलटे आहे. राज्यातील घरगुती ग्राहकांसाठी १००, ३०० व ५०० युनिटांचे टप्पे आहेत आणि प्रत्येक वरच्या टप्प्यातील दर चढा आहे. त्यामुळे आपण वाचविलेले युनिट हे नेहमी सर्वांत महागड्या दराचे असते. सरासरी दराने हिशेब केल्यास बचत कमी दिसते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाल्यावर आमच्याकडेही विक्रेते आले. ५१४ युनिटांचे बिल पाहून त्यांनी पाच किलोवॅटचा संच सुचविला होता. मोजणीनंतर मी थांबलो. पुढच्या मे महिन्यात, एसी रोज चालवून, आमचे बिल ३१० युनिटांचे आले. एक किलोवॅटपासून दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात, असे धरले तर तीन किलोवॅट पुरतात. शिवाय योजनेतील अनुदान तीन किलोवॅटला ७८,००० रुपये आहे आणि त्याहून मोठ्या संचालाही तेवढेच. जादा दोन किलोवॅटचा खर्च पूर्णतः माझ्याच खिशातून गेला असता, तोही भंगार फ्रीजला पोसण्यासाठी.

गच्चीला मार्चमध्ये पांढरा चुना दिला, त्याने वरच्या मजल्यावरील खोल्या संध्याकाळी कमी तापतात. त्याचा आकडा मजकडे नाही, सौ.चे प्रशस्तिपत्र आहे.

प्लगमध्ये लावावयाचा तो छोटा मीटर मी ट्रस्टच्या कार्यालयात ठेवला आहे. मुनीमजींकडे एक नोंदवही आहे. त्यात नाव लिहून कोणीही तो दोन दिवसांसाठी घरी न्यावा आणि परत आणताना कोणत्या उपकरणाने किती युनिट घेतले, ते त्याच पानावर लिहावे. आतापर्यंत सात घरांच्या नोंदी झाल्या आहेत. त्यांपैकी तीन घरांत कोठीमध्ये जुना फ्रीज निघाला.