अंगातली उष्णता



वसंत व्याख्यानमालेत वसंताविषयी बोलावे असा संकेत असेल. पण आपल्याकडे हे दिवस चैत्र-वैशाखाचे, आणि मंडपात बसलेल्या मंडळींच्या हाती जी कार्यक्रमपत्रिका आहे ती वाचण्यासाठी नसून वारा घेण्यासाठी आहे, हे आम्हांस येथून स्पष्ट दिसते आहे. तेव्हा आम्ही उकाड्याविषयीच बोलणार आहो. मात्र तुम्हां सर्वांना आत्ता होतो आहे त्या उकाड्याविषयी नव्हे. तो सार्वजनिक आहे आणि पावसाबरोबर जाईल. आम्हांस बोलायचे आहे ते घरातले सगळे पांघरूण ओढून निजले असता ज्या एकट्याला पंखा हवा असतो, त्याच्याविषयी.

आपल्याकडे यासाठी एक तयार शब्द आहे: उष्णता. तोंड आले, उष्णता. घोळणा फुटला, उष्णता. तळपायांची आग झाली, लघवीला जळजळ झाली, तरीही उष्णताच. शब्द इतका ऐसपैस असला म्हणजे त्यात रोग सुखाने लपून बसतो. आम्ही डॉक्टरकी करून पोट भरतो; तरी आमच्याच घरात तो कसा लपला ते ऐका.

आमच्या थोरल्या वहिनींना एका वैशाखात फार उकडू लागले. आम्ही म्हणालो, "गुलकंद घ्या, वहिनी, दिवसच असे आहेत." दिवस बदलले. भाद्रपद गेला, मार्गशीर्ष आला, तरी वहिनी पहाटे अंगणात पदराने वारा घेत बसत. त्या बारीक झाल्या होत्या, आणि जो येई तो त्यांचे कौतुक करून जाई. भूक उत्तम होती, म्हणून कोणास काळजी नव्हती. एकदा पंक्तीत वाढताना त्यांच्या हातातल्या वाटीतले ताक हिंदकळलेले दिसले, तेव्हा कुठे आम्ही त्यांची नाडी पाहिली. बसल्या जागी ती १२०च्या पुढे होती, आणि ठोके अनियमित पडत होते.

गळ्याच्या पुढच्या अंगास फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते, थायरॉइड. शरीराची चूल किती पेटवायची हे तिच्या स्रावावर पुष्कळसे ठरते. हा स्राव जास्त झाला की खाल्लेले अन्न भराभर जळते, वजन उतरते, हात कापतात, छाती धडधडते आणि माणसाला थंडीतही उकडते. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी या विकाराचे वर्णन १८३५ साली करून ठेवले आहे. रक्ताच्या एका साध्या तपासणीने तो ओळखता येतो. आणि न ओळखला तर हृदयाची लय बिघडून, रक्ताची गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघातापर्यंत मजल जाऊ शकते. वहिनींना गोळ्या सुरू झाल्या. काही महिन्यांनी त्यांनी आपण होऊन रजई मागितली.

दुसरा प्रकार याहून कितीतरी अधिक घरांत आहे, आणि त्याची थट्टा होते. पंचेचाळीस-पन्नासच्या सुमारास पाळी जाण्याच्या वेळी पुष्कळ स्त्रियांना छातीतून चेहऱ्यावर एकाएकी वाफ चढते, दरदरून घाम येतो आणि पाच-दहा मिनिटांत उलट हुडहुडी भरते. हा लहरीपणा नव्हे. मेंदूत तापमान सांभाळणारे जे केंद्र आहे ते स्त्री-संप्रेरक कमी झाल्याने हळवे होते. शेजारच्या घरी तवा जरा तापला म्हणून कोणी आगीचा बंब बोलवावा, तसे ते अंशभर फरकाने घामाची सगळी दारे उघडते. हा त्रास कित्येकींना सात-सात वर्षे पुरतो. मसालेदार जेवण, कढत चहा, मद्य यांनी तो वाढतो. त्यावर औषधे आहेत. कोणते कोणाला चालेल ते डॉक्टरांनी पाहून ठरवायचे. घरातल्यांनी करायचे ते इतकेच की, पंख्याच्या बटनावरून भांडू नये.

म्हणून आमचे पहिले सांगणे गुलकंदाचे नसून थर्मामीटरचे आहे. कडकी म्हणून जिला सोडून देतात ती कधी रोजचा संध्याकाळचा ताप असते. सोबत खोकला, वजनात घट आणि रात्री कपडे भिजवणारा घाम असेल तर क्षयासाठी थुंकी तपासावी. ताप नसेल आणि तळपाय जळत असतील तर रक्तातली साखर पाहावी. मधुमेहाने मज्जातंतू दुखावलेले असताना गुलकंदाने साखर तेवढी वाढते. चालू गोळ्यांची यादीही दाखवावी. उदासीनतेवरच्या काही गोळ्यांनी घाम वाढतो, तर कंपवातावरच्या काहींनी तो आटतो.

आता थंडाव्याविषयी. अंगावर एक लिटर घाम पुरता वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. वाळला तर, हे महत्त्वाचे. नुसता निथळून गेलेला घाम वाया गेला. म्हणूनच नागपुरास वाळ्याचे ओले पडदे स्वर्ग आणतात आणि रत्नागिरीस तेच पडदे भिंतीला बुरशी आणतात. दमट गावी वारा खेळता ठेवा, सुती आणि सैल कपडे घाला. कोरड्या गावी पारा चाळिशीवर गेला की नुसता पंखा भट्टीचीच हवा अंगावर फेकतो; आधी पंचा भिजवून अंग ओले करा, मग पंखा लावा. माठाचे पाणी, ताक, कोकमाचे सरबत चांगलेच. खिशातला कांदा भाजीत घालावा.

एक गोष्ट मात्र निराळी. उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, आणि अंग तव्यासारखे तापलेले असले, तर तो उष्माघात आहे. तिथे तापाची गोळी काम करीत नाही, आणि शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालणे घातक ठरते. त्याला सावलीत आणा, कपडे काढा, मिळेल ते गार पाणी अंगभर ओतत राहा, वारा घाला. दुसऱ्याने त्याच वेळी १०८ क्रमांक फिरवावा, आणि रुग्णवाहिका आली की त्याच्या रोजच्या गोळ्यांची पाकिटे सोबत द्यावीत.