स्वागताध्यक्षीय भाषण : विकिपीडियावर स्त्रिया टिकाव्यात म्हणून

विकिपीडियात लिहायला पदवी लागत नाही, शिफारस लागत नाही, खरे नाव किंवा ईमेलही द्यावा लागत नाही. तरीही संयुक्त राष्ट्र विद्यापीठाशी संलग्न संस्थेच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत संपादकांमध्ये स्त्रिया सुमारे १३ टक्केच निघाल्या. विकिमीडिया फाउंडेशनच्या तत्कालीन प्रमुख स्यू गार्डनर यांनी हे प्रमाण २०१५ पर्यंत २५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. ते गाठता आले नाही. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडियाही या दुखण्यातून सुटलेला नाही. परिषदेसाठी लांबून आलेल्या संपादिकांचे आणि संपादकांचे मनःपूर्वक स्वागत करताना स्वागत समितीला म्हणूनच याच प्रश्नाकडे सर्वांचे लक्ष वेधावेसे वाटते.

स्त्रियांना रस नाही, हे उत्तर फार लवकर दिले जाते आणि ते चुकीचे आहे. गार्डनर यांनी २०११ साली स्त्रियांच्याच तोंडून आलेली नऊ कारणे एकत्र मांडली. वेळ नसणे, आत्मविश्वास कमी पडणे, वादाचा कंटाळा, लिहिलेले उलटवले जाणे ही त्यांतली काही. ज्या भाषांत व्याकरणाने लिंग ठरते, तिथे संकेतस्थळ आपल्याला पुरुष समजूनच बोलते, अशीही एक तक्रार होती. 'तो सदस्य', 'त्याचे योगदान' असे वाचणाऱ्या मराठी संपादिकेला ती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

गळती नेमकी कुठे होते हे पाहायचे तर नव्या संपादिकेचा पहिला दिवस पाहावा. तालुक्याच्या गावातली एखादी शिक्षिका रात्री जेवणं उरकून, स्वयंपाकघर आवरून लॅपटॉप उघडते. धूळपाटी या सरावाच्या पानावर हात बसल्यावर आपल्या भागात बालवाड्या उभ्या करणाऱ्या बाईंवर चार परिच्छेद लिहिते आणि जतन करते. थोड्याच वेळात पानाच्या माथ्यावर ते काढून टाकण्याचा साचा चढतो: उल्लेखनीयता सिद्ध होत नाही. तिच्या चर्चापानावर तशाच कोरड्या भाषेतली सूचना येते. ती सूचना सगळ्यांना सारखीच जाते, हे तिला ठाऊक नसते. तिला तो स्वतःवरचा ठपका वाटतो. ती भांडत नाही, फक्त पुन्हा येत नाही. साचा लावणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. मोजक्या माणसांना हजारो पानांवर पहारा ठेवायचा असतो, जाहिराती आणि उचललेला मजकूर रोज काढायचा असतो. पण 'बाईंच्या संस्थेची एखादी स्मरणिका किंवा स्थानिक दैनिकातला लेख संदर्भाला मिळेल का?' एवढे एक वाक्य त्याच हाताने लिहिले गेले असते, तर बहुधा लेखही राहिला असता आणि लिहिणारीही.

उल्लेखनीयतेच्या, म्हणजे विषयावर पुरेसे संदर्भ असण्याच्या, नियमाने काय होऊ शकते, हे भौतिकशास्त्रज्ञ डोना स्ट्रिकलंड यांच्या बाबतीत जगाने पाहिले. मे २०१८ मध्ये त्यांच्यावरील इंग्रजी लेखाचा मसुदा संदर्भ अपुरे म्हणून नाकारला गेला. २ ऑक्टोबरला त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले, तेव्हा विकिपीडियावर त्यांचे पान नव्हते. त्याच पारितोषिकाचे सहमानकरी झेरार मुरू यांचे पान मात्र कैक वर्षे होते. स्त्रियांविषयी मुळात कमी छापले जाते आणि जे छापलेले नाही त्याचा संदर्भ देता येत नाही. मराठीत त्यात लग्नानंतर बदलणाऱ्या नावांची भर पडते. केंब्रिजमध्ये १९३९ साली डॉक्टरेट मिळवणाऱ्या जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी तेव्हा कमला भागवत होत्या. दुर्गा भागवतांच्या त्या भगिनी. एकाच नावाने शोध घेणाऱ्याच्या हाती त्यांचे अर्धेच काम लागते. माहेरच्या नावानेही संदर्भ शोधणे आणि त्या नावावरून लेखाकडे पुनर्निर्देशन करणे ही पाच मिनिटांची कामे आहेत. ती नेमाने व्हायला हवीत.

प्रयत्नांना यश येते, हेही दिसले आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'विमेन इन रेड' प्रकल्पाने पान नसलेल्या स्त्रियांचे लाल दुवे निळे करायला, म्हणजे त्यांच्यावर लेख लिहायला घेतले. तेव्हा इंग्रजीतील चरित्रलेखांत स्त्रियांचा वाटा १५-१६ टक्के होता, तो आता २० टक्क्यांच्या आसपास आहे. इंग्रजी विकिपीडियावर २०१२ पासून 'टीहाउस' नावाची जागा आहे. तिथे नवख्यांच्या प्रश्नांना आपुलकीने उत्तरे मिळतात. मराठीत चर्चेसाठी चावडी आहे, परंतु चावडीवर चार जाणत्यांसमोर साधा प्रश्न विचारायला नव्या माणसाचा जीव धजत नाही. प्रत्येक नव्या संपादिकेला पहिले काही महिने नावानिशी एक अनुभवी सोबतीण मिळाली, तर त्याचा उपयोग कोणत्याही मदतपानापेक्षा अधिक होईल. कार्यशाळांच्या वेळा घरच्या कामांचा विचार करून ठराव्यात, लेकरू घेऊन आलेल्या बाईची सोय असावी, आणि विचारल्याशिवाय कोणाचे छायाचित्र किंवा खरे नाव प्रसिद्ध होऊ नये. ८ मार्चच्या संपादनेथॉनमध्ये किती खाती उघडली, यापेक्षा त्यांतली किती दिवाळीतही लिहिती होती, हा आकडा अहवालात यावा.

छळाचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. अमेरिकेतील संपादिका एमिली टेम्पल-वुड यांनी आपल्याला येणाऱ्या प्रत्येक घाणेरड्या ईमेलमागे एका स्त्री-वैज्ञानिकावर लेख लिहायचे ठरवले. त्यांची जिद्द असामान्य आहे, पण असे धैर्य दाखवणे ही लिहिण्याची अट होऊ शकत नाही. फाउंडेशनने २०२१ मध्ये सर्व प्रकल्पांसाठी सार्वत्रिक आचारसंहिता जाहीर केली, आणि २०२४ मध्ये तिच्या अंमलबजावणीसाठी समन्वय समिती निवडून आली. लहान समुदायात सगळेच एकमेकांना ओळखतात. ज्याच्याविषयी तक्रार आहे तो तक्रार ऐकणाऱ्याचा जुना मित्र असू शकतो. अशा वेळी या व्यवस्थेमुळे समुदायाबाहेर दाद मागता येते, हे बहुतेक नव्या संपादिकांना कोणी सांगितलेलेच नसते. तक्रार कुठे करायची, ती कोण वाचते आणि कोणती माहिती गुप्त राहते, हे साध्या मराठीत चर्चापानावरच्या पहिल्याच स्वागत-संदेशात द्यावे, असा ठराव स्वागत समिती या परिषदेपुढे मांडत आहे.