शंख आणि त्यातील रहिवासी
(मंदिर जीर्णोद्धार समारंभातील व्याख्यान)



काकडआरतीचा शंख वाजला की गाव जागे होते. पूजेत देवाआधी शंखाला गंधफूल वाहतात आणि त्याला मानाने अडणीवर ठेवतात. मूर्ती पाथरवटाने घडवली, कळस तांबटाने घडवला. मग शंख कोणी घडवला? त्याचा कारागीर समुद्राच्या तळाशी राहणारा, मऊ अंगाचा एक मुका जीव आहे.

पावसाळ्यात बांधावर दिसणाऱ्या गोगलगायीचा हा समुद्रातला भाऊबंद. रामेश्वर-तुतिकोरीनजवळचे मन्नारचे आखात आणि गुजरातेतील कच्छचे आखात ही त्याची प्रसिद्ध ठिकाणे. वाळूच्या तळावर तो रुंद, मांसल पायाने हळूहळू सरकतो आणि वाळूतले किडे खातो. संकट आले की अंग आत ओढून शिंगासारख्या कठीण झाकणाने दार लावून घेतो. जिवंतपणी शंख पांढराशुभ्र दिसत नाही. त्यावर तपकिरी साल असते. ती काढल्यावरच देवघरातली शुभ्रता प्रकटते.

अंड्यातून पिल्लू बाहेर येते तेच पाठीवर इवलासा शंख घेऊन. पुढे अंगावरच्या त्वचेच्या पडद्यातून चुन्याचा रस पाझरतो, थरावर थर बसतो आणि मालकाबरोबर घरही वाढते. शंखाचे टोक म्हणजे त्या जीवाचे बालपण. घराची कड फुटली तर तो घर सोडून जात नाही. नवा थर देऊन ती सांधतो. सांध्याची खूण मात्र शंखावर कायम राहते. जुने पाडून न टाकता जुन्याला धरून बांधणे, हाच तर जीर्णोद्धार!

कोकणच्या किनाऱ्यावर पाय फुटलेला शंख चालताना दिसतो, तो मात्र मूळ मालक नव्हे. धनी मेल्यावर रिकाम्या घरात शिरलेला तो खेकडा होय.

शंखात कोणीतरी राहत असतो याची आठवण पुराणकथेनेही ठेवली आहे. गुरू सांदीपनींचा पुत्र शोधताना श्रीकृष्णाने समुद्रातील पंचजन दैत्याला मारले आणि त्याचा शंख घेतला, तोच पांचजन्य. माणसाचा शंखाशी संबंधही फार जुना. कच्छच्या आखाताजवळ नागेश्वर येथे हडप्पाकालीन वस्ती सापडली आहे. तेथे ४ हजार वर्षांपूर्वी शंख कापून बांगड्या आणि पळ्या करीत. बंगालमधील सुवासिनी आजही शंखाच्या बांगड्या घालतात.

आता दानशूर मंडळींनी ध्यानात घ्यावी अशी गोष्ट. दक्षिणावर्ती शंख लक्ष्मीचा मानतात आणि त्यासाठी वाटेल ती किंमत मोजतात. शंखाची निमुळती चोच वर आणि तोंड समोर धरले असता नेहमीच्या शंखाचे तोंड डावीकडे येते, दक्षिणावर्तीचे उजवीकडे. या जातीत असे उलटे वळण फार क्वचित सापडते. मात्र अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला आणि मेक्सिकोच्या आखातात एक वेगळीच जात आहे. तिचे बहुतेक सगळे शंख उलट्या वळणाचेच असतात. तेच येथे दक्षिणावर्ती म्हणून खपवले जातात. ओळखण्याची खूण सोपी आहे. खऱ्या शंखाच्या तोंडातून आत पाहिले की मधल्या खांबावर तीन-चार ठळक वळ्या दिसतात. त्या परक्या शंखात त्या नसतात. भोळ्या भाविकाचे पैसे जातात आणि देवापुढे खोटी वस्तू येते, हे दुहेरी नुकसान होय.

दुसरी गोष्ट याहून मोठी. पाणबुडे समुद्रातून जिवंत शंख वर काढतात. शंख बाजारात येतो तेव्हा आतला जीव गेलेला असतो. काही दुर्मीळ शंखांना तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ साली संरक्षण द्यावे लागले. म्हणून हौसेखातर शंखामागून शंख घेऊ नयेत. देवळाला वाजवण्याचा एक आणि पूजेचा एक पुरे. वाडवडिलांनी वाजवलेला शंख असेल तर तोच धुऊन पुसून अडणीवर ठेवावा. नवीन शंखाऐवजी नंदादीपाचे तेल द्यावे, पाण्याची टाकी बांधून द्यावी. तेही देवाला पोचते.

शंख फुंकणाऱ्याचा श्वास एका जीवाने जन्मभर बांधलेल्या घरातून फिरून बाहेर पडतो, तेव्हा नाद होतो. नव्या गाभाऱ्यात तो नाद घुमेल, तेव्हा त्या मुक्या कारागिरालाही मनोमन नमस्कार घडावा, एवढीच प्रार्थना.